उजेडातला डोळा

जिंकली असती तर सुनेला काय काय मिळणार होतं ते आधी मांडून घेऊ, म्हणजे पुढे उगाच कुणाची दया यायला नको. स्वतःच्या नावाचा कार्यक्रम, ज्यात सासू नाही. पोस्टरवर एकटीचा चेहरा. रोज सकाळी दात घासताना आज कशावरून भांडायचं, हा विचार करण्यातून सुटका. आणि बाजारात लोक फोटोसाठी अडवतात तेव्हा आधी ‘सासूबाई नाही आल्या?’ असं विचारतात, ते कायमचं बंद. एवढं सगळं आठ दिवसांत, सात माणसं मारून. सौदा वाईट नव्हता.

मारायची म्हणजे चिठ्ठीनं. वेबसिरीजचं नाव ‘दहातला एक’. इंटरनेटवर लोक ज्यांना ओळखतात अशा दहा जणांना बंगल्यात कोंडायचं, फोन काढून घ्यायचे. त्यातला एक खुनी. कोण, ते त्याला आणि युनिटलाच ठाऊक. खुन्यानं रोज कुणाच्या तरी सामानात काळी चिठ्ठी सरकवायची. चिठ्ठी सापडली की तो माणूस मेला. बॅग भरून घरी. सात मेले की उरलेल्या तिघांनी एकमेकांकडे बोट दाखवायचं. खुनी निसटला तर कार्यक्रम त्याचा. सापडला तर बाकीच्या दोघांत ज्याचे प्रेक्षक जास्त, त्याचा.

मेलेल्याला निरोप द्यायचीही सोय होती. प्रत्येकाच्या घरून एक शोकसंदेश यायचा. घरातल्या कुणीतरी कॅमेऱ्यासमोर बसून, आमचं माणूस गेलं, ते कसं होतं, हे दोन मिनिटांत सांगायचं. दुपारी चारच्या चहाला मेलेल्याचा संदेश दिवाणखान्यातल्या पडद्यावर लागायचा, आणि समोर बसलेली जिवंत माणसं रडायची. युनिटमध्ये या संदेशाला ‘रडका’ म्हणत. रडका आला का, रडका लावा, आजचा रडका जरा कोरडाच आहे. रडक्याचे नियम दोनच होते. ज्याचा रडका, त्यानं तो आधी बघायचा नाही. आणि फाईल मूळ हवी, न कापलेली. मागच्या वर्षी लोकांनी मागे व्हायोलिन लावून पाठवले होते.

सून इंटरनेटवर ‘आगाऊ सून’ म्हणून प्रसिद्ध होती. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर, त्यातली बाहेरची खोली हे रणांगण. चहात साखर जास्त पडली, पंखा कितीवर ठेवायचा, ओला टॉवेल पलंगावर कुणी टाकला, अशा मुद्द्यांवर सासू-सून दीड मिनिट भांडायच्या आणि चार लाख लोक ते बघायचे. दोन्ही बाजू सूनच लिहायची. सासूबाईंना पाठांतर जमत नसे, पण चेहरा असा की नुसती भुवई उचलली तरी समोरचा अपराधी ठरावा. नवरा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता. दिवसभर मध्येच अडकलेल्या माणसांना बाहेर काढायचा आणि घरी येऊन आई आणि बायकोच्या मध्ये स्वतः अडकून बसायचा. त्याच्या स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. यावरही एक व्हिडिओ झाला होता.

हे सगळं सुरू झालं एका दुखण्यातून, आणि ते चार लाखांतल्या एकालाही माहीत नव्हतं. तीन वर्षांपूर्वी सासूबाई जिन्यात घसरल्या, कमरेचं हाड मोडलं, चार महिने अंथरुणावर. भांडं देणं, अंग पुसणं, कूस बदलणं, सगळं सुनेनं केलं. पहिल्या दिवशी सासूबाई लाजेनं भिंतीकडे तोंड करून रडल्या, तेव्हा सून म्हणाली, रडताय काय, भांडा माझ्याशी, वेळ जाईल. मग रोज कूस बदलताना भांडण. एकदा तिनं गंमत म्हणून फोन टेबलाला टेकवून ते टिपलं, चादरीच्या वर दिसेल तेवढंच. मैत्रिणीला पाठवलं, तिनं पुढे ढकललं, आणि मग ते थांबलं नाही. चादरीच्या खालचं कुणी पाहिलं नाही. लोकांनी पाहिली ती तोंडाळ सून आणि खाष्ट सासू, आणि सुनेनं तोच माल दुकानात मांडला.

‘दहातला एक’चं बोलावणं सुनेला एकटीला आलं. सासूबाईंनी विचारलं, मला नाही? सून म्हणाली, तुम्हाला मारायची हिंमत कुणाची आहे, आई. त्यावर सासूबाई म्हणाल्या की मला मारायला चिठ्ठी कशाला लागते, तुझा चहा पुरतो. दोघी हसल्या. सुनेनं ते वाक्य वहीत लिहूनही ठेवलं, पुढे कामाला येईल म्हणून.

आता रडका. नियमाप्रमाणे तो सून गेल्यावर व्हायला हवा होता, नवऱ्यानं फोन धरायचा आणि सासूबाईंनी बोलायचं. पण नवऱ्यानं काढलेल्या फोटोत माणसं नेहमी कपाळाशिवाय असायची, आणि सासूबाईंना समोर लिहिलेलं नसेल तर त्या काय बोलतील याचा नेम नव्हता. म्हणून जायच्या दोन दिवस आधीच सुनेनं ते उरकायचं ठरवलं. स्वतःच्या मरणाचं भाषण तिनं स्वतः लिहिलं, एका बैठकीत. ‘आता चहात साखर जास्त झाली तर मी ओरडू कुणावर?’ हे शेवटचं वाक्य. खरं तर चांगलं वाक्य होतं.

सासूबाईंनी कागद वाचला, त्याची घडी घातली आणि ओट्यावरची भांडी पुसायला घेतली. दोन ताटल्या झाल्यावर म्हणाल्या, "मला माझं बोलायचंय."

"काय बोलाल?"

"की माझं चार महिने सगळं केलंस आणि एकदाही नाक मुरडलं नाहीस. नाक मुरडतेस ते फक्त व्हिडिओत."

सुनेनं पुसलेली ताटली फळीवर ठेवली. मग ती हलक्या आवाजात म्हणाली, "ते नको, आई. ते कळलं तर आपलं भांडण कोण बघेल?"

यात दुष्टपणा नव्हता. धंद्याची शिस्त होती: घरातलं दुकानात आणायचं नाही. सासूबाईंनाही ते कळलं. त्यांनी तिसरी ताटली पुसली आणि कागदाची घडी पुन्हा उलगडली.

खुर्ची बाहेरच्या खोलीत ठेवली, खिडकी सासूबाईंच्या डाव्या हाताला आणि कपाट उजव्या हाताला येईल अशी. अकरा वेळा घेतलं. कधी वाक्य चुकलं, कधी खाली भाजीवाला ओरडला, कधी रडणं पोचलं नाही. शेवटचं चांगलं झालं. ते फोनमध्ये पुढच्या-मागच्यासकट होतं: सुरुवातीच्या सूचना, मधलं भाषण आणि नंतरचं बोलणं. सुनेनं कापलं नाही. फाईल मूळ मागितली होती, आणि आजवर तिनं केलेल्या चारशे व्हिडिओंत पुढचं-मागचं कापलं नाही असं एकदाही झालं नव्हतं. लावण्याआधी युनिटवाले कापतीलच; जगात असा कोण एडिटर आहे ज्याला एवढं कळत नाही? माणूस स्वतःच्या शिस्तीवर जेवढा विसंबतो तेवढा देवावरही नाही. आधीच केलंय हे कळू नये म्हणून चौथ्या दिवशी पाठव, त्याआधी मेले तर लगेच, असं नवऱ्याला बजावून ती गेली. त्यानं चौथ्या दिवशी पाठवली.

बंगल्यात पहिल्याच दिवशी तिच्या पाकिटातून लाल कार्ड निघालं. खुनी तीच. आणि ती खुनी म्हणून इतकी चांगली निघाली की युनिटमधली माणसं जेवणाच्या सुट्टीतही तिच्याबद्दल बोलायची. व्यायामवाल्याची चिठ्ठी तिनं त्याच्या प्रोटीनच्या डब्यात घातली, गाणारीची उशीच्या अभ्र्यात, प्रवासवाल्याची, तो फक्त कॅमेरा आला की उघडायचा त्या पुस्तकात. सगळे तिला वहिनी म्हणायचे. कुणाचा कुणावर संशय आहे ते सगळे येऊन तिलाच सांगायचे, कारण वहिनीला नाही सांगायचं तर कुणाला. आणि रोज चार वाजता, ज्याला सकाळी मारलं त्याच्या आईबापांचं बोलणं ऐकून ती रडायची. रडायचीही अशी की कॅमेरावाले बाकीच्यांना सोडून तिच्यावर यायचे.

पाचव्या दिवशी एडिटर रडके तपासत होता. त्याला बसायला बंगल्याचं गॅरेज दिलं होतं. वायरींचा गुंता, एक पंखा, कानावर हेडफोन. ‘आगाऊ सून’ची फाईल त्यानं लावली आणि हेडफोन काढून पुन्हा घातले. मग तो निर्मातीकडे गेला. म्हणाला, पुढचं-मागचं कापतो, फक्त तुम्हाला आधी दाखवावं असं वाटलं. निर्मातीनं तीनदा ऐकलं. ती हसली नाही. असली माणसं गणित सुटल्यावर हसत नाहीत, चहा मागवतात. चहा आल्यावर म्हणाली, "एक अक्षर कापायचं नाही."

आठव्या दिवशी तिघे उरले होते. सून, गणितवाले सर आणि फोनवाला. सर इंटरनेटवर गणित शिकवायचे आणि गप्प बसल्यावरही बोटांनी टेबलावर काहीतरी मोजत असायचे. फोनवाला फुटलेले फोन उघडून दाखवायचा आणि स्वतःच्या विनोदांवर स्वतःच हसायचा. सुनेनं मांडणी चोख केली होती. सरांच्या कानात फोनवाला, फोनवाल्याच्या कानात सर. दोन बोटं एकमेकांकडे जाणार, तिसरं तिचं. त्या बोटानं कुणाला मारायचं एवढंच ठरवायचं बाकी होतं, आणि ती त्या दुपारी खरंच त्यावर विचार करत होती, कुणाचं वाईट कमी वाटेल म्हणून.

चार वाजता चहा आला. सून नेहमीच्या खुर्चीत बसली, खिडकी डावीकडे. निर्मातीनं येऊन सांगितलं की आज एक छोटा बदल आहे. बोट दाखवायच्या आधी तिघांचेही शोकसंदेश लावू. ज्याच्याकडे बोट दाखवताय ते माणूस घरच्यांच्या तोंडून एकदा ऐकून घ्या.

सरांच्या बायकोनं सांगितलं की हे गेले, आता कपड्यांचे चिमटे मोजून कोण ठेवणार. फोनवाल्याचा मोठा भाऊ एक वाक्य बोलला आणि पुढची दीड मिनिटं नुसता रडला. सून दोघांसाठी रडली. मग तिसरा लागला.

पडद्यावर आधी एक बोट दिसलं, मग ते बाजूला झालं आणि सासूबाई दिसल्या. मागून सुनेचा आवाज आला, कामातला, भराभर:

"मान खाली. पडलेला चेहरा करा आई, रागावलेला नको. डावा डोळा पुसा, उजव्यावर कपाटाची सावली येते. रडायचं ते उजेडातल्या डोळ्यानं. हं, घ्या."

सासूबाईंनी घेतलं. अख्खं भाषण, साखरेच्या वाक्यासकट, एकाच डोळ्यातून पाणी काढून. मग त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "झालं? कंबर धरली माझी." सुनेचा आवाज म्हणाला, झालं, छान रडलात. सासूबाई म्हणाल्या, "मग माझं मी कधी बोलायचं?"

"तुमचं कोण बघणार, आई?"

पडदा काळा झाला. आवाजात हसू होतं, पण ते घरच्यांनाच कळण्याजोगं हसू. फोन बंद केल्यावर सुनेनं गरम पाण्याची पिशवी आणून त्या कमरेला लावली होती आणि अर्धा तास पाठ चेपली होती. ते फाईलमध्ये नव्हतं.

सरांनी खिडकीकडे पाहिलं, मग सुनेच्या डाव्या गालाकडे, मग तिच्या खुर्चीकडे. टेबलावरची बोटं थांबली.

"सात दिवस तुम्ही त्याच खुर्चीत बसताय," सर म्हणाले. "आणि सात दिवस एकाच डोळ्यानं रडताय. मला वाटलं, डोळे आलेत."

"वारा लागतो," सून म्हणाली.

"खिडकी बंद असते, वहिनी," फोनवाला म्हणाला. पहिल्यांदाच स्वतःच्या वाक्यावर तो हसला नाही.

दोन बोटं तिच्याकडे आली. तिचं तिसरं बोट मांडीवरच राहिलं.

एवढ्यावर संपलं असतं तरी चाललं असतं. खेळ होता, हरली. पण तीन आठवड्यांनी तो भाग लागला आणि मग लोक खेळायला लागले. ‘तुमचं कोण बघणार, आई?’ एवढाच तुकडा कापून लोकांनी फिरवला. आता कापायचं सगळ्यांना सुचलं. नवऱ्याला कामावर अडकलेल्या लिफ्टमधून बाहेर निघालेल्या एका गिऱ्हाइकानं आभार मानायच्या आधी विचारलं, डावा की उजवा? किराणा दुकानातली बाई सुट्टे देताना एक डोळा पुसून दाखवायची. सासूबाईंना मात्र अनोळखी लोकांकडून ब्लँकेटं आली, फळांची टोपली आली, आणि ‘आजी, तुम्ही एकट्या नाही’ असं लिहिलेली एक उशी आली. समोरच्या बिऱ्हाडातली बाई दार किलकिलं करून विचारायची की जेवलात ना, नक्की?

सासूबाईंना त्या उशीचा फार राग आला. तीन वर्षं खाष्ट म्हणवून घेतलं तेव्हा त्यांना काही वाटलं नव्हतं. त्यात रुबाब होता. ही कीव त्यांना सोसेना. आणि सून आतल्या खोलीत फोन उलटा ठेवून बसलेली. उशी आली त्याच्या तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी स्वतः खुर्ची ओढली, खिडकीजवळ नाही, खोलीच्या मधोमध.

"धर फोन," त्या म्हणाल्या. "आता माझं बोलते."

सून म्हणाली की नको, आता काहीही बोललं तरी उलटंच जाईल. त्यावर सासूबाई म्हणाल्या, "मी हे तुझ्यासाठी राखून ठेवलं होतं. तू खरीच गेलीस तर बोलायला. पण तोवर मी असेन का?"

मग सुनेनं फोन धरला. नवरा मागे उभा. सासूबाई दोन मिनिटं बोलल्या, कागदाशिवाय. भांडं, अंग पुसणं, भिंतीकडे तोंड करून रडणं, ‘भांडा माझ्याशी, वेळ जाईल’, सगळं. न मुरडलेलं नाक. त्या रडल्या नाहीत. फोनच्या मागे सून रडली, दोन्ही डोळ्यांनी, नाकानं, आवाज दाबून, आणि तो आवाज फाईलमध्ये आला. मधेच सासूबाईंच्या डाव्या डोळ्यात काहीतरी गेलं आणि त्यांनी तो मिचकावला. शेवटी त्या म्हणाल्या, झालं. कुणी काही कापलं नाही. आता न कापलेलं बघितल्यावर तरी लोक खरं मानतील, असं नवऱ्याला वाटलं. लिफ्टच्या धंद्यात दार उघडलं की माणूस बाहेर येतोच.

लोकांनी पाहिलं. दिवसभरात सहा लाखांनी. एकानं लिहिलं, या वेळी दिग्दर्शन सुधारलंय, दोन्ही डोळे कोरडे. दुसऱ्यानं लिहिलं, मागच्या हुंदक्यांचा आवाज जरा कमी ठेवायला हवा होता. तिसऱ्यानं, बहुतेक गंमत म्हणून, लिहिलं की आजी, धमकी असेल तर डावा डोळा मिचकावा. आणि कुणीतरी खाली उत्तर दिलं: मिचकावलाय. एक मिनिट बारा सेकंदांवर बघा.

मग कुणाला काही समजावणं उरलं नाही. एक मिनिट बारा सेकंद, एवढंच फिरलं. आठवड्यानं कुठल्याशा मदतकेंद्रातून दोन बायका आल्या. अतिशय सभ्य. सुनेला त्यांनी बाहेरच्या खोलीत बसवलं आणि सासूबाईंशी आत, दार लावून बोलल्या. घरात तुम्हाला कुणी हात लावतं का, असं विचारलं. सासूबाईंनी सांगितलं की लावते ना, सून लावते, चार महिने रोज लावला. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. जाताना एक नंबर देऊन गेल्या.

त्यानंतर सासूबाईंनी व्हिडिओ बंद केले. भांडणही बंद झालं, कारण समोरच्या बिऱ्हाडाचं दार किलकिलं असायचं.

आता कुणाचं काय झालं ते बघू. निर्मातीला पुढचं वर्ष मिळालं. एडिटरला गॅरेजमधून वर, खिडकीच्या खोलीत आणलं. खुनी सरांनी शोधला, पण कार्यक्रम फोनवाल्याला मिळाला, कारण त्याचे प्रेक्षक जास्त होते. सरांनी ते आकडे दोनदा मोजून पाहिले म्हणे. सुनेचा पाठलाग करणारे नऊ लाख झाले. शिव्या द्यायला आलेला माणूसही मोजणीत एकच धरतात. एकटीचा चेहरा सगळीकडे लागला, डावा डोळा लाल गोलात. बाजारात आता कुणी ‘सासूबाई नाही आल्या?’ असं विचारत नाही. त्या कुठे आहेत, बऱ्या आहेत ना, असं विचारतात. म्हणजे मागितलं होतं ते बहुतेक सगळं तिच्या पदरात पडलं.

सासूबाईंना महिन्यातून एकदा कमरेसाठी डॉक्टरकडे जावं लागतं. तीन मजले, अठ्ठेचाळीस पायऱ्या. अपघातानंतर त्या नेहमी सुनेच्या खांद्यावर हात ठेवून उतरायच्या, वाटेत जिन्यावरच्या धुळीवरून भांडत. परवा पहिल्या वळणावर खालून कुणीतरी फोन वर धरलेला त्यांना दिसला. त्यांनी सुनेच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

"तू मागे राहा," त्या म्हणाल्या. "नाहीतर म्हणतील, हेही पाठ करून घेतलंय."

सून मागे राहिली. सासूबाईंनी कठडा धरला आणि एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत खाली निघाल्या. आठ पायऱ्या झाल्या होत्या. उरलेल्या चाळीस त्यांनी एकटीनं, हप्त्यांसारख्या, फेडल्या.